दुसरी लाट ओसरली, पण घरातला भूलतज्ज्ञ अजून झोपत नाही

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमचे मिस्टर तालुक्याच्या गावी भूलतज्ज्ञ आहेत. २०२१च्या एप्रिल-मे महिन्यांत तिथल्या कोविड सेंटरचा आयसीयू त्यांनी जवळजवळ एकट्याने ओढला. त्यानंतर आयसीयूचं काम सोडलं ते सोडलंच. आता फक्त सिझेरियनला आणि लहानसहान ऑपरेशनना भूल द्यायला जातात. रात्री दोन पेग घेतल्याशिवाय आडवे होत नाहीत, पहाटे तीनला उठून गॅलरीत बसतात, मायक्रोवेव्हचा बीप वाजला की घरच्यांवर खेकसतात. मुलीचा बारावीचा निकाल चांगला लागला त्या दिवशीही चेहऱ्यावर काही उमटलं नाही. विषय काढला की ठरलेलं उत्तर, "मला काही झालेलं नाही, मी डॉक्टर आहे, मला कळतं." तुम्ही विचारलंय, त्यांना डॉक्टरकडे कसं न्यायचं, त्यांच्या नकळत जेवणातून एखादी गोळी देता येईल का, आणि शेवटी, त्यांनी पुन्हा आयसीयूचं काम सुरू करावं का?

मी मनोविकारतज्ज्ञ आहे, जिल्ह्याच्या ठिकाणी प्रॅक्टिस करतो. कोविडनंतर माझ्याकडे येणाऱ्यांत डॉक्टरांचं प्रमाण वाढलं, त्यातही भूलतज्ज्ञ, फिजिशियन आणि छातीच्या आजारांचे डॉक्टर जास्त. त्या कामाच्या आधाराने लिहितोय. तुमच्या मिस्टरांना मी पाहिलेलं नाही, त्यामुळे इथून निदान करणार नाही.

आधी त्या गोळीचं. नको, अजिबात नको. तुमच्यासारखं विचारणारे खूप असतात, दारू सोडवायच्या पुड्यांपासून ते झोपेच्या गोळ्यांपर्यंत, आणि त्यामागची अगतिकता मला समजते. पण हा माणूस सकाळी दुसऱ्याला बेशुद्ध करून त्याचा श्वास आपल्या हातात घेतो. त्याच्या पोटात काय गेलंय हे त्यालाच माहीत नसलं तर टेबलावरच्या पेशंटचा जीव धोक्यात येईल. दारूबरोबर गुंगीची औषधं घेणं मुळातच धोक्याचं. शिवाय ते भूलतज्ज्ञ आहेत. तोंड कोरडं पडलं, डोळे जड झाले की तासाभरात त्यांच्या लक्षात येईल कशामुळे, आणि मग तुमच्या हातचा चहासुद्धा ते संशयाने पितील. संमतीशिवाय उपचार देणं २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातही बसत नाही, पण खरं कारण कायद्याचं नाही. त्यांच्या बाजूचं असं सध्या एकच माणूस आहे, तुम्ही. ते घालवू नका.

तुम्ही विचारलंय ते ‘त्यांना डॉक्टरकडे कसं न्यायचं’ असं. मला वाटतं त्याच्या आधीचा प्रश्न वेगळा आहे: त्यांना नेमकं काय चिकटून राहिलंय? ते कळल्याशिवाय कुणाकडे न्यायचं आणि काय बोलायचं, दोन्ही ठरत नाही. आणि ते कळायला त्या दोन महिन्यांत भूलतज्ज्ञाच्या वाट्याला काय आलं ते बघावं लागतं.

एरवी भूलतज्ज्ञाचं काम पडद्यामागचं. पेशंट त्याला ओळखत नाही, नातेवाईक त्याचं नाव विचारत नाहीत. काम नेमकं, ठरावीक, आणि बहुतेक वेळा शेवट चांगला. झोपवलं तसं उठवलं, पेशंट वॉर्डात गेला, विषय संपला. वर्षानुवर्षं अशा कामाची सवय झालेला माणूस कोविडमध्ये अचानक पुढे आला, कारण श्वासनलिकेत नळी घालायला आणि व्हेंटिलेटर चालवायला गावात दुसरं कोणी नव्हतं. १८ एप्रिल २०२१ला महाराष्ट्रात एका दिवसात ६८ हजारांहून जास्त नवे रुग्ण नोंदले गेले. त्यातले गंभीर झालेले पुढच्या आठवड्यात कुठे ना कुठे कुणाच्या तरी आयसीयूत आलेच. आणि नळी घातलेल्यांतले बरेच उठले नाहीत. ज्याचं अख्खं कौशल्य ‘उठवण्यात’ आहे त्याच्यावर हे रोज, दिवसातून अनेकदा.

दुसरं म्हणजे हिशेब. नाकातून जोराने ऑक्सिजन देणारं हाय फ्लो नेझल कॅन्युला नावाचं मशीन मिनिटाला ६० लिटरपर्यंत ऑक्सिजन ओढतं. जम्बो सिलिंडरमध्ये साधारण ७ हजार लिटर असतो. म्हणजे पूर्ण वेगाने चालवलं तर एका पेशंटला एक सिलिंडर दोन तासही पुरत नाही. ज्या सेंटरला ऑक्सिजनची टाकी नव्हती, सिलिंडरवर काम होतं, तिथल्या डॉक्टरने रात्रभर हेच गणित केलंय: किती भरलेले आहेत, गाडी कुठवर आली, कुणाचा फ्लो किती कमी केला तर पहाटेपर्यंत निभेल. २१ एप्रिलला नाशिकच्या झाकीर हुसेन रुग्णालयात टाकीला गळती लागून पुरवठ्याचा दाब पडला आणि किमान २२ रुग्ण गेले. त्या दिवसानंतर माझ्या ओळखीतले आयसीयूवाले डॉक्टर पेशंटआधी प्रेशर गेजकडे बघायचे. हे काम मेडिकल कॉलेजात कुणी शिकवलेलं नव्हतं. आणि एकाचा फ्लो कमी करून दुसऱ्याला देण्याचा निर्णय तर कुणाच्याच वाट्याला यायला नको होता.

मायक्रोवेव्हच्या बीपबद्दलही सांगतो, कारण तुम्हाला तो चिडकेपणा वाटतोय. पल्स ऑक्सिमीटरचा आवाज एकसारखा नसतो. रक्तातला ऑक्सिजन घसरला की त्या आवाजाची पट्टी खाली उतरते. भूलतज्ज्ञ मॉनिटरकडे पाठ करून उभा असला तरी नुसत्या आवाजावरून सांगतो की सॅच्युरेशन पडतंय. हा कान घडवायला वर्षं जातात आणि तो घरी आल्यावर बंद करता येत नाही. आठ-दहा मॉनिटर एकाच वेळी खाली उतरत जाताना ज्याने रात्रीमागून रात्री ऐकलेत, त्याच्यासाठी स्वयंपाकघरातला बीप हा नुसता बीप राहत नाही.

आता निदानाकडे येतो. ‘डिप्रेशन’ किंवा ‘बर्नआउट’ असा एकच शिक्का लावून मोकळं होण्याची घाई सगळ्यांना असते, डॉक्टरांना स्वतःलाही. माझ्या अनुभवात अशा माणसात तीन-चार गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या असतात, आणि प्रत्येकीचं औषध निराळं असतं.

पहिली, कामाने आलेली झीज. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या वर्गीकरणात बर्नआउटला आजार म्हटलेलं नाही, कामाशी निगडित अवस्था म्हटलंय: थकवा, कामाबद्दल तुटलेपण, आणि ‘आपण करतो त्याचा उपयोग नाही’ ही भावना. ही झीज काम कमी केल्यावर हळूहळू भरून येते. तुमच्या मिस्टरांनी काम कधीच कमी केलं, तरी फरक नाही. म्हणजे नुसती झीज नसावी.

दुसरी, नैराश्य. कशातच गोडी नाही, मुलीच्या निकालाचाही आनंद नाही, पहाटे लवकर जाग, भूक आणि वजनातला फरक, ‘मी नालायक आहे’ हा सूर. पहाटे जाग येण्याला दारूचंही कारण असू शकतं. दारूने झोप लवकर लागते पण उत्तररात्री तिचा अंमल उतरला की झोप तुटते. तीनची वेळ म्हणूनच इतक्या लोकांकडून ऐकायला मिळते.

तिसरी, आघाताची आठवण, ज्याला आम्ही पीटीएसडी म्हणतो. नको असताना दृश्यं समोर येणं, स्वप्नं, आवाजाने दचकणं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे टाळणं. इथे एक गोष्ट तुम्ही बघू शकाल. सिझेरियनला बहुतेक वेळा पाठीच्या मणक्यात इंजेक्शन देऊन भूल देतात. बाई जागी असते, बोलत असते, घशात नळी घालावी लागत नाही. तुम्ही लिहिलेल्या ‘लहानसहान ऑपरेशन’ची यादी डोळ्यांपुढे आणा. पूर्ण भूल द्यावी लागेल, नळी घालावी लागेल अशा केसेस ते ठरवून सोडतायत का? त्यांना बोलावणाऱ्या एखाद्या सर्जनला सहज विचारता आलं तर हे लगेच कळेल. उत्तर ‘हो’ असेल तर मी त्याला थकवा म्हणणार नाही. सगळ्या जगाला ते आराम केल्यासारखं दिसेल, पण त्यांनी आपला व्यवसाय त्या एका क्षणाच्या कडेकडेने आखून घेतलाय.

चौथी गोष्ट अपराधाची, आणि डॉक्टरांच्या बाबतीत मला तीच सगळ्यात जड वाटते. तिच्याबद्दल खाली सविस्तर लिहितो.

याशिवाय शरीर तपासलं पाहिजे. त्यांना स्वतःला कोविड झाला होता का, कितपत, तेव्हा स्टिरॉइड दिली होती का, वजन वाढलंय का, घोरतात का, थायरॉइड, साखर, बी-१२, लिव्हर कसं आहे. झोपेत श्वास अडकणारा माणूसही पहाटे घाबरून उठतो. ‘सगळं मनाचं आहे’ असं धरून चाललेलं मला तरी परवडत नाही.

‘इतकी वर्षं झाली, अजून?’ असं तुम्हाला कुणीतरी म्हटलंच असेल. कॅनडातल्या टोरांटोचं उदाहरण द्या त्यांना. २००३मध्ये तिथे सार्सची, म्हणजे कोविडच्याच जातीच्या विषाणूची, साथ आली, काही महिन्यांत संपली. नंतर तिथल्या संशोधकांनी सार्सचे रुग्ण सांभाळलेल्या टोरांटोच्या रुग्णालयांतले कर्मचारी आणि सार्स न आलेल्या हॅमिल्टनमधले कर्मचारी यांची तुलना केली. साथ संपून १३ ते २६ महिने झाले होते. तरी टोरांटोवाल्यांत मानसिक त्रास आणि बर्नआउट जास्त होतं, दारू-सिगारेट वाढलेली होती, आणि पेशंटसमोर घालवायचे तास अनेकांनी कमी केलेले होते. ती साथ कोविडच्या मानाने छोटी होती. आणखी एक सापडलं: ज्यांना पुरेसं प्रशिक्षण आणि पाठबळ मिळालं असं वाटत होतं, त्यांना त्रास कमी. तालुक्याच्या सेंटरला एकट्याने आयसीयू चालवणाऱ्याला यातलं काय मिळालं असेल, ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता.

पाठबळाऐवजी मिळाला तो गौरव. २२ मार्च २०२०ला थाळ्या वाजल्या. त्याच महिन्यात सोसायट्यांनी भाड्याने राहणाऱ्या डॉक्टर-नर्सना घर सोडायला सांगितल्याच्या बातम्याही आल्या. २२ एप्रिलला डॉक्टरांवरच्या हल्ल्यांसाठी साथरोग कायद्यात दुरुस्तीचा वटहुकूम काढावा लागला, यावरून काय चाललं होतं ते दिसतं. मे महिन्यात राज्याने खासगी रुग्णालयांचे दर बांधून दिले, व्हेंटिलेटरसह आयसीयूचे दिवसाला ९ हजार, आणि मग बिलांचं ऑडिट आलं. दर बांधणं चूक होतं असं मी म्हणत नाही, लुटणारेही होतेच. पण सकाळी ‘योद्धा’, दुपारी ‘लुटारू’ आणि रात्री एकट्याने चार जणांच्या मृत्यूचे दाखले, अशा दिवसांतून गेलेल्या माणसाला नंतर ‘तुम्ही देवमाणूस आहात हो’ म्हटलं तर बरं वाटत नाही. त्याला माहीत असतं आत काय झालं ते. भिंतीवर कोविड योद्ध्याचं प्रमाणपत्र लावलेलं असेल आणि त्यांनी ते काढा म्हटलं तर वाद न घालता काढा.

आता अपराधाबद्दल. घरचे सगळे प्रेमाने म्हणतात, "तुझी काही चूक नव्हती." हे वाक्य जवळजवळ कधीच उपयोगी पडत नाही. ऐकणाऱ्याला वाटतं, याला काय ठाऊक! तो तिथे नव्हता. ज्याच्या हातून निर्णय झाला त्याला माफी नको असते, त्याला निकाल हवा असतो. आणि तो मिळत नाही म्हणून मन रोज रात्री खटला पुन्हा सुरू करतं, फक्त आरोपीच्या विरोधातले पुरावे घेऊन.

माझ्या खोलीत मी याच्या उलट करतो. कागद देतो आणि ती रात्र मांडायला सांगतो. किती बेड, कोण ड्यूटीवर, किती वाजता कोणता फोन, किती सिलिंडर, आणि प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न: हे तुम्हाला त्या वेळी माहीत होतं, की नंतर कळलं? एका फिजिशियनचं सांगतो, ओळख पटू नये इतके तपशील बदलून. त्यांच्या डोक्यात एक वाक्य अडकलं होतं, "मी चार नंबरला व्हेंटिलेटर दिला आणि सात नंबरच्या माणसाला मारलं." कागदावर मांडताना हळूहळू बाहेर आलं की व्हेंटिलेटर रिकामा झाला तेव्हा सात नंबरवाला मास्कवर बोलत होता, डबा उघडून खात होता. तो कोसळला नंतर, आणि तेव्हा यांनी जिल्ह्याला आणि दोन खासगी रुग्णालयांना फोन केले होते. ते फोन ते स्वतः विसरले होते. फक्त सात नंबरच्या बायकोचा काचेपलीकडचा चेहरा आठवत होता. हे उलगडायला कित्येक बैठका गेल्या, आणि पहिल्या दोन-तीन बैठकांनंतर त्यांची झोप आणखी बिघडली, हेही सांगून ठेवतो.

कधी कधी कागदावर खरोखरची चूकही निघते. तिसाव्या तासाला जागा असलेला माणूस चुकणारच. तेव्हा मी ती पुसत नाही. ‘हे चुकलं, आणि हे अशा अवस्थेत चुकलं’ असं दोन्ही सरळ म्हणावं लागतं. डॉक्टरांना हे खोट्या दिलाशापेक्षा सोसतं. मृत्यूंची कारणमीमांसा करायची बैठक त्यांच्या पेशातली नेहमीची गोष्ट आहे, फक्त त्या वर्षी ती घ्यायला कुणाला उसंत नव्हती.

हे काम एकट्या मनोविकारतज्ज्ञाने करण्यापेक्षा तिथे असलेल्या एखाद्या सहकाऱ्याने सोबत केलं तर जास्त लागू पडतं. मात्र सगळ्यांना एकदाच गोलात बसवून ‘मन मोकळं करा’ म्हणायचं शिबिर मी सुचवणार नाही. अशा एका बैठकीच्या प्रयोगांनी पीटीएसडी टळत नाही आणि काहींचा त्रास उलट वाढतो, हे कोविडच्या बरंच आधी दिसून आलेलं आहे.

मग ते येत का नाहीत? ‘अहंकार’ हे उत्तर सोपं आहे आणि बहुधा अर्धवट आहे. फिरत्या भूलतज्ज्ञाचं पोट सर्जनच्या फोनवर चालतं. ‘त्याचं डोकं ठिकाणावर नाही’ एवढं एकदा गावात फिरलं की फोन थांबतात, आणि गावात सायकिअॅट्रिस्ट एकच असतो, त्याच्या दारातली गाडी सगळे ओळखतात. ही भीती निराधार नाही, तेव्हा ‘लोक काय म्हणतील याचा विचार करू नका’ असं त्यांना सांगू नका. न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयाच्या तातडीच्या सेवा विभागाच्या प्रमुख डॉ. लॉर्ना ब्रीन यांनी २६ एप्रिल २०२०ला आयुष्य संपवलं. उपचार घेतल्याचं कळलं तर परवाना जाईल ही धास्ती त्यांना होती, असं घरच्यांनी नंतर सांगितलं. त्यांच्या नावाचा कायदा अमेरिकेत २०२२मध्ये झाला. आपल्याकडे स्थिती त्या मानाने बरी आहे. मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २३प्रमाणे उपचाराची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क रुग्णाला आहे, अपवाद मोजके, जसं कुणाच्या जिवाला धोका असेल तर. नैराश्याची गोळी सुरू आहे एवढ्यावरून कुणाची नोंदणी जात नाही.

व्यवहारातला मार्ग असा: दुसऱ्या जिल्ह्यातला डॉक्टर निवडा. पहिली भेट प्रत्यक्ष झालेली बरी, कारण समोर बसलेला माणूस जे सांगतो ते स्क्रीनवर निसटतं, पण पुढच्या भेटी व्हिडिओवर चालतात. औषधं गावातल्या दुकानातून घेऊ नका. शक्य असेल तर डॉक्टरांवर उपचार करायची सवय असलेला माणूस बघा. त्याने त्यांना ‘सर, तुम्हाला तर माहीतच आहे’ म्हणत अर्धे प्रश्न गाळता कामा नयेत. डॉक्टर पेशंटची हीच फसगत होते. समोरचा आदराने तपासतच नाही.

एक गोष्ट नक्की बघा, ते स्वतःच स्वतःला औषध लिहून घेतायत का. अल्प्राझोलामसारख्या मन शांत करणाऱ्या, झोप आणणाऱ्या गोळ्या डॉक्टरांच्या खिशात सहज असतात. त्यांनी रात्र निघते, मूळ त्रास हलत नाही, सवय मात्र लागते, आणि वर दारू असेल तर धोका दुप्पट. तशी गोळी सुरू असेल तर ती एकदम बंदही करू नका, उतरवायची पद्धत असते. रोजची दारूसुद्धा एका दिवसात तोडायला लावू नका. प्रमाण तुम्ही लिहिलंय त्याहून जास्त असेल तर एकदम थांबवल्यावर फिट येऊ शकते.

बोलायचं कसं? रात्री नको, पेग झाल्यावर तर नकोच. गाडीत बरं पडतं, दोघांची नजर रस्त्यावर असते आणि कुणाला उठून जाता येत नाही. मन, डिप्रेशन, कौन्सेलिंग हे शब्द सध्या बाजूला ठेवा. झोपेवरून सुरुवात करा, कारण झोप नाही हे ते नाकारू शकत नाहीत. "तुम्ही रोज तीनला उठता, मी पण जागीच असते. मला त्याचा त्रास होतोय. फक्त झोपेसाठी एकदा दाखवून येऊ, बाहेरगावी, मी बरोबर येते." यात आरोप नाही, आणि ‘मला त्रास होतोय’ हे खरंच आहे. नाही म्हणाले तर तिथेच सोडा आणि आठ-दहा दिवसांनी पुन्हा काढा. माझ्याकडे येणारे बहुतेक डॉक्टर पहिल्या वेळेला ‘नाही’च म्हणालेले असतात.

तुमच्यापेक्षा त्यांच्या एमबीबीएसच्या बॅचचा जिगरी मित्र जास्त चालू शकतो, विशेषतः तो स्वतः त्या लाटेत कुठेतरी आयसीयूत असेल तर. त्याला आधी तुम्ही काय पाहताय ते सांगा आणि एवढंच म्हणा की उपदेश करू नकोस, तुझं काय झालं होतं ते आधी सांग. पुरुष डॉक्टर स्वतःहून बोलत नाहीत, पण दुसऱ्याने आपली रात्र सांगितली की त्यांची बाहेर पडते.

ते यायला तयार झाले तर पुढे काय होईल? तपासण्या होतील. नैराश्य किंवा पीटीएसडी ठरलं तर सर्ट्रालिनसारखं औषध बहुधा सुरू होईल, त्याचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात आणि बरं वाटल्यावरही ते बरेच महिने चालू ठेवायचं असतं. डॉक्टर पेशंट इथेच गडबड करतात, पंधरा दिवसांत स्वतःच बंद करतात. जोडीला आघातावर केंद्रित मानसोपचार, साधारण ८ ते १२ बैठका. डोस बसेपर्यंत ड्यूटी कशी ठेवायची हे उपचार करणाऱ्याशी स्पष्ट ठरवावं. सगळं काम बंद करून घरी बसवणं मी टाळतो, घरी बसलेल्या डॉक्टरला रात्र आणखी लांब होते.

आता सगळ्यात गंभीर भाग. मरणाची भाषा, ‘माझ्याशिवाय तुमचं बरं चालेल’ असं बोलणं, अचानक विम्याची-बँकेची कागदपत्रं समजावून देणं, बरेच दिवस अस्वस्थ असलेला माणूस एकाएकी शांत होणं, सकाळी केसला जाण्याआधी दारू, घरात किंवा बॅगेत विनाकारण इंजेक्शनची औषधं, हातावर टोचल्याच्या खुणा, उन्हाळ्यातही लांब बाह्या. भूलतज्ज्ञांच्या हाताशी जी औषधं असतात त्यामुळे त्यांच्या बाबतीत मी इथे थोडाही वेळ काढत नाही. यातलं काही दिसलं तर बॅचमेट, गाडीतलं बोलणं वगैरे पायऱ्या सोडा. सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बरेचजण विचारल्यावर सुटकेचा श्वास सोडतात. त्यांना एकटं ठेवू नका, घरातली इंजेक्शनं-औषधं मित्राच्या मदतीने बाहेर काढा आणि त्याच दिवशी मनोविकार विभाग असलेल्या रुग्णालयात न्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं, आणि तो तुम्हालाही वापरता येतो, फक्त पेशंटलाच असं नाही.

तुमच्याबद्दल तुम्ही एक ओळही लिहिली नाहीत. तीनला तुम्हीही उठता, घरातले आवाज सांभाळता, मुलीला बाबांची बाजू समजावता. त्यांचं ‘हो’ येईपर्यंत थांबायची गरज नाही, तुम्ही एकट्या माझ्यासारख्या कुणाकडेही जाऊन बसू शकता. अनेक डॉक्टर आमच्यापर्यंत पोचले ते बायको आधी येऊन गेली म्हणून.

शेवटचा तुमचा प्रश्न होता, त्यांनी पुन्हा आयसीयूचं काम सुरू करावं का. ते आत्ता ठरवू नका आणि दुसऱ्या कुणाला ठरवू देऊ नका. बरे झाल्यावर काहीजण परततात, काही जाणूनबुजून परतत नाहीत, आणि दोन्ही चालतं. पूर्ण भूल द्यायच्या साध्या केसेस, ओळखीच्या सर्जनबरोबर, दिवसा, दुसरा भूलतज्ज्ञ हाकेच्या अंतरावर असताना, इतकं जमायला लागलं तरी मला पुरेसं वाटतं. पुढच्या वेळी लिहाल तेव्हा तीन गोष्टी कळवा: त्यांना स्वतःला कोविड झाला होता का, दारूचं खरं माप किती, आणि नळी घालायच्या केसेसबद्दल सर्जन काय म्हणाला.